कोयत्याच्या पट्ट्यातली फॅमिली डॉक्टर : एक प्रकरण अभ्यास

बीड जिल्ह्यातला बालाघाट डोंगराचा पट्टा कोरडवाहू. खरिपात कापूस, सोयाबीन, बाजरी. दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल जोडीला मिळते, आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडाही जोडीच्याच हिशेबातून कापला जातो. अशा घरातली मुलगी डॉक्टर होते आणि फॅमिली मेडिसिनचं, म्हणजे घरातल्या सगळ्यांची सगळी दुखणी आधी पाहणाऱ्या डॉक्टरच्या शाखेचं, रीतसर प्रशिक्षण घेऊन याच पट्ट्यातल्या तालुक्याच्या गावी दवाखाना थाटते. या वाटेवर काय लागतं आणि कुठे अडतं, ते या प्रकरणात मांडलं आहे.

हे एका व्यक्तीचं चरित्र नाही. अशा वाटेने गेलेल्या डॉक्टरांच्या अनुभवातले समान दुवे जोडून प्रकरण उभं केलं आहे. नियम, अभ्यासक्रम, डोस आणि संस्था मात्र जशा आहेत तशाच. आमचं म्हणणं एवढंच, की गावची असणं ही निम्मी पात्रता आहे. उरलेली निम्मी प्रशिक्षणातून आणि नोंदवहीतून येते, आणि तिची तयारी कुणीही आयती करून देत नाही.

शाळा ते एमबीबीएस

सुरुवात ओळखीची आहे. जिल्हा परिषदेची शाळा, आईवडील तोडीवर असताना आजीपाशी राहणं, अकरावी-बारावीला लातूर, मग 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा. राज्य कोट्यातून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश. पहिल्या वर्षी मराठी माध्यमाच्या मुलांना शरीररचनाशास्त्रापेक्षा इंग्रजीतून तोंडी परीक्षा देणं जास्त छळतं, पण वर्षभरात ते जमून जातं. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, त्यातले १२ आठवडे जनऔषधवैद्यकशास्त्राचे (कम्युनिटी मेडिसिन).

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती विद्यार्थ्याच्या लक्षातही येत नाही. १९६१ मध्ये आरोग्यसेवेचे अभ्यासक केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला होता. १००० प्रौढांपैकी महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो एक जण. आकडे अमेरिका आणि ब्रिटनमधले आहेत, पण रचना आपल्याकडेही तीच. वैद्यकीय शिक्षण त्या एकावर चालतं, आणि गावात डॉक्टरसमोर उरलेले २४९ येतात. वॉर्डात विद्यार्थिनीला गुंतागुंत झालेला मधुमेह दिसतो. ज्याची साखर पहिल्यांदाच वाढलेली सापडली आहे आणि ज्याला गोळी नको आहे, असा माणूस मात्र तिला भेटत नाही. तोच रुग्ण सहा महिन्यांनी पुन्हा पाहणं तर कधीच होत नाही.

बंधपत्राचं वर्ष

शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, नाही केली तर १० लाख रुपयांचा दंड. बरेच जण हे वर्ष नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या तयारीत कसंबसं ढकलतात. आमच्या मते फॅमिली मेडिसिनकडे जाणाऱ्याला यापेक्षा चांगली शाळा नाही, मात्र तिथे शिकवायला कुणी नसतं याची तयारी ठेवावी लागते.

प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३०,००० आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येसाठी असतं. सकाळच्या ओपीडीत ताप, खोकला, खरूज, पाठदुखी, रक्तदाब, गरोदर बायका. दुपारी उपकेंद्राची भेट आणि अहवाल. रात्री प्रसूती, मारामारीची केस, विंचू, साप.

सापाच्या बाबतीत एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखण्याची चाचणी यंत्राविना होते. शिरेतून २ मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घ्यायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच नळी आडवी करायची. रक्त ओघळलं तर विष भिनलं आहे. चाचणी चुकते ती नळीमुळे. काचेचा स्पर्श हीच गोठण्याची सुरुवात असते, म्हणून प्लास्टिकची नळी किंवा सिरिंज चालत नाही. डिटर्जंटने धुतलेली काचेची नळीही निरोगी माणसाचं रक्त न गोठलेलं दाखवते, आणि मग गरज नसताना प्रतिविष दिलं जातं. केंद्रात रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात नव्या काचेच्या नळ्यांचा एक डबा 'फक्त साप' अशी चिठ्ठी लावून वेगळा ठेवायला हवा. प्रतिविषाचा पहिला डोस साधारण १० कुप्या, सलाइनमधून तासाभरात, मूल असो की मोठा माणूस, तितकाच, कारण सापाने सोडलेलं विष वजन पाहून कमी होत नाही. शेजारी अॅड्रेनलिन भरून ठेवलेलं हवं. रिअॅक्शन आलीच तर मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. चाचणी दर सहा तासांनी पुन्हा.

विंचवाचं ज्ञान तर याच मातीतलं आहे. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावसकर यांनी महाडला काम करताना लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. मोठ्यांना ५०० मायक्रोग्रॅम, मुलांना किलोमागे ३०, हातपाय कोरडे आणि उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी. गोळी स्वस्त आहे, पण रुग्णाला झोपवूनच ठेवावं लागतं. उठून चालू दिलं तर रक्तदाब एकदम खाली येतो.

हे सगळं शिकता येतं, आणि जिद्दीची मुलगी ते शिकतेच. जमत नाही ते दुसरंच. रक्तदाबाचा रुग्ण ऑगस्टमध्ये येतो, गोळ्या नेतो, ऑक्टोबरात गायब होतो आणि एप्रिलमध्ये अर्धांगवायू होऊन परततो. केंद्राच्या रजिस्टरवर तो फक्त 'अनुपस्थित'. ऊसतोडीच्या घरात वाढलेल्या डॉक्टरला तो कुठे गेला हे ठाऊक असतं, त्याच्यासाठी काय करायला हवं होतं हे एमबीबीएसने सांगितलेलं नसतं. फॅमिली मेडिसिन निवडण्याचं कारण इथे आहे. प्राथमिक सेवेच्या अभ्यासक बार्बरा स्टारफिल्ड यांनी प्राथमिक सेवेचे चार आधार सांगितले : पहिला संपर्क, सातत्य, सर्वांगीण सेवा आणि समन्वय. या पट्ट्यात दरवर्षी दसऱ्याला तुटतं ते सातत्य.

कोणता कोर्स

इथे नावांचा गोंधळ फार आहे. एमडी कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे पूर्वीचं पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र), हे लोकसंख्येच्या आरोग्याचं शास्त्र आहे. समोर बसलेल्या रुग्णावर उपचार करणं हा त्याचा गाभा नाही. एमडी फॅमिली मेडिसिन देशात अजून मोजक्याच ठिकाणी आहे, त्याची सुरुवात केरळात कोळिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाली. मोठा आणि हाताशी असलेला मार्ग म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं डीएनबी फॅमिली मेडिसिन : एमबीबीएसनंतर तीन वर्षं, प्रवेश नीट-पीजीतून, लॉगबुक, प्रबंध, शेवटी चार लेखी पेपर आणि प्रात्यक्षिक. त्याच मंडळाचा दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. घरची जबाबदारी जड असेल तर तोही वाईट नाही, पण पुढे शिकवायचं असेल तर डीएनबीच घ्यावं.

जागा मिळणं फारसं अवघड नाही, कारण वरच्या रँकवाले इकडे वळत नाहीत. अवघड आहे ते रुग्णालय निवडणं. काही ठिकाणी फॅमिली मेडिसिनच्या निवासी डॉक्टरला तीन वर्षं आयसीयूच्या रात्रपाळ्या भरायला वापरतात. त्यातून व्हेंटिलेटर चांगला कळतो, दवाखाना कळत नाही. पसंतीक्रम भरण्याआधी सध्या तिथे असलेल्या निवासी डॉक्टरांना फोन करून सरळ विचारावं. आठवड्यात ओपीडीचे दिवस किती? प्रसूती स्वतः करायला मिळतात की बघायला? त्वचारोग, मनोविकार, कान-नाक-घसा आणि डोळे या विभागांत खरंच पाठवतात की कागदावरच? आणि मार्गदर्शक फॅमिली फिजिशियन आहे की नुसता मेडिसिनचा तज्ज्ञ? यातल्या दोन प्रश्नांना गुळमुळीत उत्तर आलं तर ती जागा सोडावी.

प्रबंधाचा विषयही कामाच्या पट्ट्यातला घेतला तर पुढे उपयोगी पडतो, फक्त अभ्यासाचा आराखडा नीट बसवावा लागतो. 'ऊसतोड महिलांमधील रक्तक्षय, सहा महिन्यांचा पाठपुरावा' असा विषय मंजूर करून घेतला तर नोव्हेंबरात सहभागी महिला निघून जातात आणि अर्ध्या नोंदी रिकाम्या राहतात. मे ते सप्टेंबरात एकदाच तपासणी करून संपणारा अभ्यास मांडला तर तो पुरा होतो. विषय तोच, फक्त दिनदर्शिका तोडीची धरायची.

दवाखाना उभा करताना

पदवी मिळाली की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे ती अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवायची. नोंदणी क्रमांक पाटीवर आणि चिठ्ठीवर दिसला पाहिजे. फक्त ओपीडी असेल, खाटा नसतील, तर शुश्रूषागृह नोंदणी लागत नाही. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी मात्र बिनखाटांच्या दवाखान्यालाही प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं, ते एकदाच घ्यायचं. कचरा नेणाऱ्या सामाईक केंद्राशी करार करावा लागतो. सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, औषधांच्या काचेच्या बाटल्या निळ्यात. सोनोग्राफी मशीनच्या मोहात पडू नये. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदी कायद्याची नोंदणी, फॉर्म आणि तपासण्या सांभाळता सांभाळता रुग्ण बाजूला राहतात.

जागा भाड्याची, एसटी स्टँडजवळ. आधी पडद्याची तपासणीची खोली हवी, बाकी सजावट नंतर. इथे एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट सगळं ठरवते, ती म्हणजे कस्को स्पेक्युलम, योनिमार्ग उघडून आत पाहायचं उपकरण, किती घेतले. ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, १२१ अंशांवर १५ पौंड दाबाने गुंडाळलेल्या सामानासाठी अर्धा तास लागतो. तापणं आणि निवणं धरलं तर फेरी तासाच्या पुढे जाते. स्पेक्युलम दोनच असतील तर बाजाराच्या दिवशी तिसऱ्या बाईची आतून तपासणी होत नाही, तिला नुसत्या गोळ्या मिळतात. डॉक्टरला वाटतं आपण वेळेअभावी असं केलं, पण कारण सामानाचं असतं. सहा ते आठ नग घ्यावेत.

बाकी सामान : दोन मापांचे पट्टे असलेलं रक्तदाबाचं यंत्र, बाळाचा आणि मोठ्यांचा वजनकाटा, ओटोस्कोप, पीक फ्लो मीटर, नेब्युलायझर, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, बारा लीडचं ईसीजी, फ्रीज, आणि बी टाइप ऑक्सिजन सिलिंडर. पूर्ण भरलेल्या बी टाइपमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ५ लिटरने तो पाच तास पुरतो, १०८ येईपर्यंत आणि पुढचा रस्ता धरूनही. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत आणि अॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून. एवढं खेड्यातला दवाखाना करू शकतो, आणि तेवढ्याने जीव वाचतात.

'पिशवी काढायची का?'

या पट्ट्यात फॅमिली डॉक्टरची खरी परीक्षा इथे होते. तिशीतली बाई येते. दोन लेकरं, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. पांढरं जातं, कंबर दुखते, पाळीत जास्त जातं. हातात सोनोग्राफीचा कागद, त्यावर गर्भाशय किंचित मोठं असल्याचा शेरा, आणि कुणीतरी दिलेला सल्ला : पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. तिलाही ते पटलेलं असतं, कारण पाळीच्या दिवसातला खाडा तिला परवडत नाही. बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियांचं प्रमाण इतकं वाढलं, की २०१९ मध्ये राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली.

'नको, काढू नका' एवढं म्हणून भागत नाही, बाई दुसरीकडे जाते. तिची तक्रार खरी आहे आणि ती मिटली पाहिजे. म्हणून क्रम असा. आधी लघवीतून गरोदरपणाची चाचणी, कारण कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया क्वचित निष्फळ ठरते. मग पोटावर हात ठेवून ओटीपोटात दुखतं का, ताप आहे का. मग स्पेक्युलम. गर्भाशयमुखावर लालसर भाग दिसला तर त्याला 'जखम' म्हणू नये. या वयात तो बहुतेकदा नैसर्गिक असतो, आणि 'आत जखम आहे' हे वाक्य कानावर पडलं की बाई थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचते. योनिमार्गाचा स्राव असेल तर सरकारी हिरवं किट : सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, एकदाच. गर्भाशयमुखातून पू दिसला तर करडं किट : अॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम, आणि नवऱ्यालाही उपचार. ओटीपोट दुखत असेल तर पिवळं किट, त्यात १४ दिवसांची औषधं असतात, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. त्या चौदा दिवसांत तोडीला निघायचं असेल तर आधी सांगायला लावावं.

कॅन्सरची भीती बोलून जात नाही, तपासून जाते. जंतुसंसर्ग बरा झाल्यावर गर्भाशयमुखावर ५ टक्के अॅसेटिक आम्ल लावून एक मिनिट थांबायचं. पांढरा डाग उमटला तर कॉल्पोस्कोपीसाठी (भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी) अंबाजोगाईला पाठवायचं, नाही उमटला तर तिला आरसा धरून दाखवता येतं. ही तपासणी ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी. सूज असताना केली तर निष्कर्ष फसवा येतो, म्हणून घाई नको.

पाळीत जास्त रक्त जात असेल तर त्या दिवसांपुरतं ट्रानेक्सॅमिक अॅसिड १ ग्रॅम दिवसातून तीनदा, चार-पाच दिवसांच्या पुढे नाही, आणि जोडीला मेफेनॅमिक अॅसिड. हिमोग्लोबिन बहुधा आठ-नऊच्या घरात निघतं. लोहाच्या ६० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, चहाबरोबर नाही, आणि महिन्याने पुन्हा रक्त तपासणी. साधारण एक ग्रॅमने वाढलं नाही तर गोळ्या पोटात जातच नाहीत असं आधी समजावं. कंबर दुखते ती चाळीसेक किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर फळीने चढल्याने. पिशवी काढल्यावरही ती दुखतेच, आणि हे ज्या बाईची पिशवी काढलेली आहे तिच्या तोंडून ऐकलं की समोरची बाई मानते. डॉक्टरच्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. तिशीत बीजकोशही काढले गेले तर हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, हेही सांगावं, पण शेवटी. भीतीवर भीती घातली तर ऐकणं बंद होतं.

दसऱ्याआधीची तपासणी

गणपती ते दसरा हा या दवाखान्याचा सर्वांत मोलाचा काळ. प्रत्येक घराची एक फाइल : कुटुंबाचा वंशवृक्ष, सगळ्यांच्या आजारांची यादी, कोण कधी कुठल्या कारखान्यावर जातं. संपर्काचा नंबर मुकादमाचा, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराचा, लिहू नये. मुकादमाकडे गेलेला निरोप उचलीच्या हिशेबात वापरला जातो. गावी राहणाऱ्या सासूचा किंवा भावाचा नंबर घ्यावा.

औषधं तोडीच्या दिनक्रमाला साजेशी निवडायची. मजूर पहाटे तीन-चारला उपाशीपोटी फडात उतरतो. अशा मधुमेही माणसाला ग्लिमेपिराइडसारखी गोळी दिली तर फडातच साखर उतरून तो कोसळू शकतो. मेटफॉर्मिन सुरक्षित, तेही जेवणाबरोबर. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम बरं. लघवी वाढवणारी गोळी उन्हात घाम गाळणाऱ्याचं मीठ-पाणी आणखी कमी करते. अॅम्लोडिपिनचा असर लांब टिकतो, एखादा दिवस चुकला तरी दाब लगेच उसळत नाही. महिन्याने पाहून लागलं तर टेल्मिसार्टन ४० जोडायची, म्हणून सुरुवात गणपतीतच व्हायला हवी. दसऱ्याला सुरू केलं तर दुसरी मोजणी पाडव्यालाच. मोजतानाही पाच मिनिटं टेकून बसवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, दोनदा.

गोळ्या सहा महिन्यांच्या, म्हणजे रोज एक धरली तर १८०, पट्टीतच द्याव्यात. सुट्या पुडीतल्या गोळ्या कोपीत (तोडीवरच्या झोपडीत) ओल आणि उंदरांनी जातात. इन्सुलिन असेल तर ते थंड ठेवायला दोन मातीची मडकी, एकात एक, मध्ये ओली वाळू. वापरात घेतलेली कुपी चार आठवड्यांनी टाकायची. मूल नको असलेल्या जोडप्यात 'अंतरा' इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. पुढचा डोस चार आठवडे उशिरापर्यंत चालतो, त्यामुळे निघताना एक आणि कारखान्याजवळच्या केंद्रात एक एवढं पुरतं. गरोदर बाईने माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं, आणि घराने मूळ शिधापत्रिका आणि आधार. कागद गावी पेटीत राहिले तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून तिकडच्या रुग्णालयात काम अडतं.

पैसा आणि संदर्भ चिठ्ठी

"मॅडम, सुई द्या." पैसे सुईचे द्यायची सवय असते, ऐकून घेण्याचे नाही. यावर चाललेला उपाय म्हणजे फी दुखण्याची घ्यायची, भेटीची नाही : एकदा दिली की सात दिवस पुन्हा दाखवायला पैसे नाहीत. सुई नाकारलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी फुकट येऊ शकतो म्हटल्यावर थांबतो. औषधं आपल्याच रुग्णाला दवाखान्यातून देण्याची मुभा औषध नियमांच्या अनुसूची 'के'मध्ये आहे, खरेदीची बिलं मात्र जपून ठेवावीत.

तज्ज्ञाकडे पाठवलेल्या रुग्णामागे कट घेणं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेने निषिद्ध आहे. ते नाकारलं की पहिली दोन-तीन वर्षं काही रुग्णालयं चिठ्ठीची दखलच घेत नाहीत. टिकून राहायला चिठ्ठीच उपयोगी पडते : का पाठवलं, काय सापडलं, काय दिलं आणि किती वाजता, आणि नेमका प्रश्न काय. खाली उत्तरासाठी चार रिकाम्या ओळी आणि दवाखान्याचा नंबर. काही तज्ज्ञ त्या ओळी भरून परत पाठवतात, आणि पुढच्या वेळी रुग्ण त्यांच्याकडेच जातो.

या प्रकरणात अजून न सुटलेला प्रश्न डॉक्टरच्या स्वतःच्या रजेचा आहे. एकटीचा दवाखाना बाळंतपणात बंद पडतो आणि गणपतीतली तपासणी त्या वर्षी होत नाही. त्यावर दोन मार्ग दिसतात. तालुक्यातल्या दुसऱ्या एमबीबीएस डॉक्टरबरोबर घरोघरच्या फायली सामाईक ठेवणं, किंवा डीएनबी करणाऱ्या निवासी डॉक्टरला ऑगस्ट ते ऑक्टोबर इथे पाठवायला जवळच्या मान्यताप्राप्त रुग्णालयाला राजी करणं. पहिल्यात फायलींची लिहिण्याची पद्धत एक करावी लागते, म्हणून तयारी आदल्या उन्हाळ्यातच, टोळ्या परतल्या की, सुरू करावी.